इअरबडची एक बाजू बंद पडली तर: तपासणीपासून दुरुस्तीपर्यंत, क्रमाक्रमाने

गाणं लावलंय, उजव्या कानात सगळं व्यवस्थित आणि डावा कान चिडीचूप. वायरलेस इअरबड वापरणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी ही वेळ येते. मग धडपड सुरू होते: ब्लूटूथ बंद-चालू, फोन रिस्टार्ट, बडवर टकटक आणि शेवटी रिसेट. यातलं एखादं लागू पडतंही. पण नेमकं कशाने काम झालं ते कळत नाही, त्यामुळे चार दिवसांनी तोच बड पुन्हा गप्प बसला की सगळी झटापट पहिल्यापासून.

म्हणून आधी बिघाड कुठे आहे ते ठरवू: बडमध्ये, चार्जिंगच्या डबीत, फोनमध्ये, की दोन बडांच्या आपसातल्या जोडणीत. मग तेवढंच दुरुस्त करू. रिसेट मी मुद्दाम उशिरा ठेवला आहे, कारण त्याने पुरावा पुसला जातो.

दोन बड, दोन वेगळी यंत्रं

वायरच्या इअरफोनची एक बाजू गेली की संशयित ठरलेला असायचा. पिनेपाशी किंवा कानाजवळच्या वळणावर आतली तार तुटलेली असायची, वायर विशिष्ट कोनात धरली की आवाज यायचा, सोडली की जायचा. इथे वायरच नाही. डाव्या बडला स्वतःची बॅटरी, स्वतःचा रेडिओ, स्वतःचा स्पीकर आणि माइक. उजव्याचंही सगळं वेगळं. त्यामुळे एक ठणठणीत आणि दुसरा पार बंद, असं सहज होऊ शकतं.

दुसरी गोष्ट नवख्या माणसाला सहसा माहीत नसते. अनेक जोड्यांमध्ये फोनची खरी जोडणी एकाच बडशी असते. त्याला मुख्य बड म्हणू. दुसरा बड मुख्य बडकडून आवाज घेतो, नाहीतर फोन आणि मुख्य बड यांच्यातलं बोलणं बाजूला बसून ऐकतो आणि त्यातला आपला भाग वाजवतो. म्हणजे फोनवर 'कनेक्टेड' दिसलं तरी मुख्य बड जोडला गेलाय एवढंच त्यातून कळतं. दुसरा मागे राहिला असेल तर फोनला त्याचा पत्ताही नसतो. ब्लूटूथच्या एलई ऑडिओ या 2020 मध्ये जाहीर झालेल्या पद्धतीत फोन दोन्ही बडांना वेगवेगळा आवाज पाठवू शकतो, पण ती सोय फोन आणि बड या दोघांतही असावी लागते.

याच रचनेमुळे दोन्ही बडांची बॅटरी सारख्या वेगाने संपत नाही. ज्याच्याकडे मुख्य काम आहे आणि कॉलवर ज्याचा माइक चालू आहे, तो आधी दमतो. काही बड ही भूमिका आपसात बदलत राहतात. ज्यांत बदलत नाही, किंवा जे लोक दिवसभर एकच बड घालून कॉल घेतात, त्यांचा तोच बड आधी म्हातारा होतो. 'नेमका डावाच कसा गेला?' याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

पहिली पाच मिनिटं फक्त तपासणीची

सगळ्यात आधी गाणं किंवा व्हिडिओ बदलून पाहा. हे वाचून हसू येईल, पण घरी रेकॉर्ड केलेल्या बऱ्याच व्हिडिओंत माइक एकाच बाजूला जोडलेला असतो आणि सगळं बोलणं फक्त डाव्या कानात येतं. 1960 च्या दशकातल्या कित्येक स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत गायकाचा आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणी आहे. तेव्हा दोन-तीन वेगळ्या गोष्टी लावून बघा. 'लेफ्ट राइट टेस्ट' असं शोधलंत तर आधी डावीकडून आणि मग उजवीकडून बोलणाऱ्या तयार क्लिप मिळतात, त्या उत्तम.

आता खरी चाचणी. दोन्ही बड डबीत ठेवा, झाकण लावा, पंधरा-वीस सेकंद थांबा. मग फक्त गप्प असलेला बड बाहेर काढा. चांगला बड डबीतच राहू द्या आणि झाकण परत लावा. हा बड कानात घाला आणि नीट ऐका.

बहुतेक बड चालू होताना किंवा फोनशी जोडले जाताना 'टिंग' करतात, नाहीतर एखादा शब्द बोलतात. हा आवाज फोनकडून येत नाही, तो बडच्या आतच साठवलेला असतो. त्यामुळे सगळ्या तपासणीत या टिंगइतका कामाचा पुरावा दुसरा नाही.

टिंग स्वच्छ ऐकू आली, तर बडला चार्ज आहे, स्पीकर जिवंत आहे आणि त्याच्यापुढची बारीक जाळीही तुंबलेली नाही. बिघाड जोडणीत किंवा फोनमध्ये शोधायचा.

टिंग आली पण अगदी पुसट, खोल विहिरीतून आल्यासारखी, तर मळ.

टिंगही नाही आणि बडवरचा दिवाही लागला नाही, तर चार्जिंग.

टिंग नाही, पण फोनवर बड जोडला गेल्याचं दिसतंय किंवा बडवर बोट टेकवल्यावर गाणं थांबतंय-चालू होतंय, तर बड जागा आहे, फक्त त्याचा आवाज बाहेर पडत नाही. जाळी पूर्ण बुजलेली असेल, नाहीतर स्पीकर गेला असेल.

बड एकटा छान वाजतो आणि दुसरा बाहेर काढला की गप्प बसतो, असं झालं तर दोघांचं आपसात बिनसलंय. हा प्रकार सगळ्यात सोपा, कारण त्यात काहीच तुटलेलं नसतं.

अजून एक चाचणी दुसऱ्या फोनवर करा. त्याआधी पहिल्या फोनचं ब्लूटूथ बंद करायला विसरू नका, नाहीतर बड सवयीने तिकडेच जाऊन बसतील. दुसऱ्या फोनवर दोन्ही बाजू वाजल्या तर दोष तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये आहे, साफसफाईत वेळ घालवू नका. तिथेही तीच बाजू गप्प राहिली तर फोन निर्दोष.

आवाज पूर्ण बंद नसून एका बाजूला नुसता कमी वाटत असेल तर बड कानांत अदलाबदल करून पाहा. डावा बड उजव्या कानात नीट बसणार नाही, हाताने हलकेच धरा. कमी आवाज बडबरोबर दुसऱ्या कानात गेला तर दोष बडचा. आवाज त्याच कानात कमी राहिला तर प्रश्न कानाचा आहे. कानात साठलेला मळ किंवा सर्दीने दडा बसणं ही त्याची साधी कारणं. मात्र एका कानाचं ऐकू येणं अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत कमी झालं असेल, तर बड बाजूला ठेवा आणि लगेच कानाच्या डॉक्टरांना दाखवा. अचानक आलेल्या बहिरेपणाच्या एका प्रकारात उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं ऐकू येणं परत मिळण्याची शक्यता जास्त असते.

डबीत ठेवला म्हणजे चार्ज झाला, असं नाही

गप्प बडांच्या तक्रारींत माझा पहिला संशय नेहमी चार्जिंगवर असतो. बड डबीत बसलेला दिसतो, झाकण लागतं, सगळं ठीक वाटतं आणि आत वीज मात्र पोचलेली नसते.

बड अगदी नवा असेल आणि पहिल्याच दिवसापासून एक बाजू बंद असेल तर दोन्ही बडांच्या खालच्या अंगावर नख फिरवून बघा. वाहतुकीत बॅटरी उतरू नये म्हणून बऱ्याच कंपन्या चार्जिंगच्या ठिपक्यांवर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी चिकटवतात. एका बडची निघते, दुसऱ्याची तशीच राहते. वस्तू परत पाठवायच्या आधी एवढं जरूर तपासा.

जुना बड असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून डबीतला तो बड बसतो तो खळगा बघा. तळाशी किंवा कडेला टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन सोनेरी ठिपके दिसतील. या स्प्रिंगवर बसवलेल्या पिना असतात, दाबल्या की आत जातात आणि सोडल्या की वर येतात. बडवर त्यांच्यासमोर येणारे चपटे सोनेरी ठिपके असतात. या चिमुकल्या टेकण्यातूनच सगळी वीज जाते. घामातलं मीठ सुकून तिथे पांढरट किंवा हिरवट थर बसतो, कानातला मळ पिवळट चिकट होऊन पसरतो, खिशातला कापसाचा धुरळा खळग्यात दबून बसतो. कोणतंही एक पुरेसं आहे.

सफाई अशी करा. कापसाची काडी घ्या आणि आधी कोरडीच फिरवून सुटा कचरा काढा. मग दुसऱ्या काडीचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलं करा. 70 टक्क्यांचं किंवा त्याहून तीव्र चालेल. काडीतून थेंब टपकत असेल तर ती आधी टिपून घ्या. बडवरचे ठिपके आणि डबीतल्या पिना हलक्या हाताने गोलगोल पुसा. थर हटत नसेल तर मऊ टूथब्रशची मदत घ्या. काडीनेच एकेक पिन दाबून बघा. प्रत्येक पिन चटकन वर यायला हवी. एखादी दबलेलीच राहत असेल तर गुन्हेगार सापडला. अल्कोहोल लावून ती चार-पाच वेळा दाबली की पुष्कळदा मोकळी होते. ब्लेड, सॅंडपेपर, स्क्रूड्रायव्हर यांपैकी काहीही वापरू नका. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो खरवडला गेला की खालचा धातू घामाने लवकर गंजतो. सगळं पूर्ण सुकल्यावरच बड आत ठेवा.

आता बड बसवताना लक्ष द्या. तो लोहचुंबकाने 'टक्' करून जागेवर ओढला जायला हवा आणि ज्या मॉडेलमध्ये दिवा असतो तिथे दिवा लागायला हवा. डबीत ठेवलेल्या बडवर बोटाने दाब दिल्यावरच दिवा लागत असेल तर ठिपके नीट टेकत नाहीत. याचं एक कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही: मोठी रबरी टिप. कानात घट्ट बसावी म्हणून मोठ्या मापाची किंवा दुसऱ्या कंपनीची टिप लावली की ती खळग्याच्या कडेला अडते आणि बड केसभर वर राहतो. वापर सुरू करताना सगळं ठीक असतं, मग एका बाजूची टिप बदलली जाते आणि काही दिवसांनी तीच बाजू बंद पडते. टिप काढून बड ठेवून बघितलं की दोन मिनिटांत छडा लागतो.

चार्जिंग खरंच होतंय का याची खात्री आकड्यांनी करा. बड बाहेर असताना फोनवर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये दोन्ही बाजूंची टक्केवारी बघून ठेवा, अर्धा तास डबीत ठेवा, परत बघा. एकाचा आकडा वाढला आणि दुसऱ्याचा जागेवरच राहिला, की वादच मिटला. डबीचा स्वतःचा चार्ज शिल्लक आहे ना, हेही या वेळी पाहून घ्या. डबी जेमतेम चार्ज असेल तर एखादा बड अर्धवटच भरला जातो.

कधीकधी उलटा घोटाळा होतो. ठिपके टेकले नाहीत तर आपण डबीत आलोय हे बडला कळतच नाही. तो आत बसून चालूच राहतो आणि बॅटरी संपवतो. दोन्ही बड डबीत, झाकण बंद, तरी फोनवर इअरबड जोडलेले दिसत असतील तर हेच चाललंय.

बरेच महिने पडून राहिलेल्या बडची गोष्ट वेगळी. लिथियम बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते आणि ठरावीक पातळीखाली गेली की आतलं संरक्षक सर्किट तिची जोडणी तात्पुरती तोडतं. असा बड पहिल्या दहा मिनिटांत काहीच हालचाल दाखवत नाही, म्हणून लोक तो मेला असं समजतात. डबी चार्जरला लावूनच ठेवा, बड आत ठेवा, काही तास त्याच्याकडे बघूही नका. मधून एकदा काढून परत बसवा. रात्रभर ठेवूनही दिवा, टिंग, आकडा यांपैकी काहीच दिसलं नाही, तरच बॅटरी गेली म्हणा.

जाळीवरचा मळ

कानातला मळ तिथे तयार होतो आणि आपोआप हळूहळू बाहेर सरकतो. बड त्याच्या वाटेत बसतो. कानातल्या उबेने मळ मऊ होतो, स्पीकरच्या पुढच्या बारीक जाळीत शिरतो आणि बड बाहेर काढला की तिथेच घट्ट होतो. आवाज एका दिवसात जात नाही, थोडा थोडा कमी होत जातो, म्हणून सुरुवातीला कळत नाही. बऱ्याच जणांच्या एका कानात मळ जास्त होतो, तेव्हा एकच बाजू मंद होणं स्वाभाविक आहे.

आधी रबरी टिप काढा आणि टिपशिवाय बड कानाजवळ धरून ऐका. तसा आवाज नीट येत असेल तर टिपच तुंबली आहे. काही टिपांच्या आतही जाळी असते, ती उजेडात धरून बघा. सिलिकॉनच्या टिपा साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. फोमच्या टिपा नुसत्या ओल्या फडक्याने पुसा, त्यांना अल्कोहोल लावू नका.

टिप काढूनही आवाज कमीच असेल तर बडची जाळी टॉर्चच्या उजेडात बघा. स्वच्छ जाळीची छिद्रं वेगवेगळी दिसतात आणि तिरप्या उजेडात ती चकाकते. तुंबलेली जाळी निस्तेज, तपकिरी आणि सपाट दिसते. दोन्ही बड शेजारी धरलेत तर फरक ओळखायला चष्माही लागणार नाही.

साफ करताना बडचं तोंड कायम खाली असू द्या. मऊ, कोरड्या टूथब्रशने जाळीवर हलकेच झाडा, म्हणजे सुटलेला मळ आत जाण्याऐवजी खाली पडेल. झाडून निघत नसेल तर भिंतीवर कागद चिकटवायला वापरतात ती रबरासारखी चिकटमाती घ्या, गोळी करून जाळीवर दाबा आणि सरळ ओढून काढा. दर वेळी गोळीचा स्वच्छ भाग वापरा. गोळी फार मऊ असेल तर ती छिद्रांत अडकते, आधी हातावर दाबून अंदाज घ्या. काही एअरपॉड मॉडेलसाठी ॲपलने मायसेलर वॉटरमध्ये (मेकअप उतरवायचं सौम्य द्रव) बुडवलेल्या मऊ ब्रशची पद्धत सांगितली आहे. नंतर डिस्टिल्ड वॉटरने तसाच ब्रश फिरवायचा आणि निदान दोन तास वाळू द्यायचं. पण ती त्या मॉडेलपुरतीच, ओळखीच्या कुठल्याही बडवर तीच करायला जाऊ नका.

टाचणी किंवा सुई जाळीत घालू नका. जाळीच्या मागे लगेच स्पीकरचा पातळ पडदा असतो, तो फाटला की खेळ संपला. तोंडाने फुंकर मारू नका, तिच्यात ओलावा असतो. हवेचा जोरदार फवारा मळ आत ढकलतो. जाळीवर अल्कोहोलचे थेंब टाकू नका, मळ विरघळून द्रवासोबत आत झिरपतो आणि जाळी चिकटवलेला गोंदही सैल होऊ शकतो. ठिपक्यांसाठी अल्कोहोल चांगलं, जाळीसाठी कोरडा ब्रश.

बडच्या बाहेरच्या अंगाला एखादं अगदी बारीक छिद्र असेल तर तेही झाडून घ्या. हवेचा दाब समतोल ठेवण्यासाठी ते असतं. ते बुजलं की खर्जाचे आवाज आधी जातात आणि बड पोकळ वाजायला लागतो.

फोनमधली एक सरकपट्टी

दुसऱ्या फोनवर दोन्ही बाजू नीट वाजल्या असतील तर इथे या. फोनमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल ठरवणारी पट्टी असते आणि ती एका टोकाला सरकली की दुसरी बाजू पूर्ण बंद होते. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग ऑडिओ अँड व्हिज्युअल. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीतच, श्रवणाच्या किंवा ऑडिओच्या विभागात. नावं फोनगणिक थोडी बदलतात, तेव्हा सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'बॅलन्स' टाका. विंडोज 11 मध्ये सिस्टिम, साउंड आणि मग आपल्या इअरबडच्या पानावर डाव्या-उजव्याच्या वेगळ्या पट्ट्या असतात. तिथेच जवळपास 'मोनो ऑडिओ' नावाचं, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून दोन्हीकडे सारखाच वाजवणारं बटण सापडेल. ज्याला एकाच कानाने ऐकू येतं त्याच्यासाठी ते फार मोलाचं आहे, पण बिघडलेला बड त्याने दुरुस्त होत नाही.

बड कानात आहे की नाही हे ओळखणारी सोय तुमच्या जोडीत असेल तर ॲपमधून ती थोडा वेळ बंद करून बघा. त्या सेन्सरच्या काचेवर मळ किंवा तेलकटपणा बसला की बडला आपण टेबलावरच आहोत असं वाटतं आणि तो वाजत नाही.

पेअरिंग पुन्हा पहिल्यापासून

टिंग येते, एकट्याने वाजतो, जोडीत मात्र गप्प, असं निदान झालं असेल तर आता पेअरिंगची, म्हणजे जोडणी नव्याने करण्याची पाळी. ब्लूटूथच्या यादीत एकाच इअरबडची दोन नावं दिसत असतील, शेवटी एल आणि आर अशी अक्षरं असलेली, तर रोग अगदी स्पष्ट आहे: बडांनी एकमेकांना ओळखणं सोडलंय आणि दोघे स्वतंत्रपणे फोनशी बोलायला बघतायत.

1. दोन्ही बड डबीत ठेवून निदान अर्धे तरी चार्ज होऊ द्या. कमी चार्ज असलेला बड पेअरिंगच्या मधेच बंद पडतो आणि गोंधळ वाढतो.
2. फोनच्या ब्लूटूथ यादीत इअरबडच्या नावापुढच्या खुणेवर जाऊन 'फर्गेट' किंवा 'अनपेअर' करा. दोन नावं असतील तर दोन्ही काढा. लॅपटॉप, टॅबलेट, घड्याळ, टीव्ही, जिथे जिथे हे बड जोडले होते तिथूनही काढा, किंवा निदान तिथलं ब्लूटूथ बंद करा.
3. फोन रिस्टार्ट करा.
4. आता बडांचा रिसेट. याची कृती प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, डबीसोबत आलेला कागद किंवा कंपनीचं सहायता पान बघा. मागे बटण असलेल्या एअरपॉडच्या डबीत बड ठेवून झाकण 30 सेकंद बंद ठेवतात, मग उघडून ते बटण सुमारे 15 सेकंद दाबतात. दिवा आधी नारिंगी-पिवळा आणि मग पांढरा लुकलुकतो. सॅमसंगच्या बडांना गॅलेक्सी वेअरेबल ॲपमध्ये रिसेटचा पर्याय आहे. साध्या बडांत दोन्ही बाहेर काढून, फोनशी न जोडता, दोन्हीवर एकाच वेळी बरेच सेकंद बोट किंवा बटण दाबून धरण्याची पद्धत बरीच चालते.
5. रिसेटनंतर दोन्ही बड डबीत ठेवून झाकण लावा, मग दोन्ही एकदमच बाहेर काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. दोघांचे दिवे लुकलुकतील. थोड्या वेळाने एकाचा थांबेल आणि दुसऱ्याचा चालू राहील. याचा अर्थ दोघांची जोडी जमली.
6. त्यानंतरच फोनचं ब्लूटूथ उघडा. यादीत एकच नाव दिसायला हवं. ते निवडा.

पाचव्या पायरीत घाई करू नका. फोन आधीच शोधायला लागला तर तो एकट्या बडला पकडतो आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच परत येता. म्हणून तोपर्यंत फोनचं ब्लूटूथ बंदच ठेवलेलं बरं.

जोडी जमली की कंपनीचं ॲप उघडून फर्मवेअरचं, म्हणजे बडच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट आहे का बघा. अपडेट अर्धवट राहिलं तर एका बडवर नवी आवृत्ती आणि दुसऱ्यावर जुनी असं होतं आणि मग त्यांचं जमत नाही. अपडेट चालू असताना बड डबीत, डबीला चार्ज भरपूर, फोन जवळ, आणि संपेपर्यंत हात लावायचा नाही.

गाणी दोन्ही कानांत आणि कॉल मात्र एकाच कानात, अशी तक्रार असेल तर बडचं मॉडेल किती जुनं आहे ते बघा. सुरुवातीच्या बऱ्याच मॉडेलांत कॉलचा आवाज फक्त मुख्य बडमध्येच यायचा. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

येतो-जातो, येतो-जातो

एक बाजू पूर्ण बंद नसून मधूनमधून तुटत असेल, विशेषतः गर्दीत किंवा चालताना, तर बहुधा रेडिओच्या लहरी अडतायत. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्याच पट्ट्यात पुष्कळसे वायफाय राउटर असतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधून गळणाऱ्या लहरीही तिथेच. शिवाय आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी चांगल्याच शोषून घेतं. फोन उजव्या खिशात आणि मुख्य बड डाव्या कानात असेल तर मधे सगळं अंग येतं. फोन दुसऱ्या खिशात किंवा छातीजवळ ठेवून बघा, वायफाय 5 गिगाहर्ट्झवर नेऊन बघा. तेवढ्याने तुटणं थांबलं तर बड उघडून बघायचं काही कारण नाही.

भिजला असेल तर

बड पाणी किती सोसतो ते त्याच्यावरच्या आयपीएक्स आकड्यावरून कळतं. आयपीएक्स4 म्हणजे उडालेले शिंतोडे सोसतो एवढंच. आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात 30 मिनिटं. समुद्राचं पाणी, साबणाचं पाणी आणि पोहणं त्यात धरलेलं नाही, आणि वापराने ही क्षमता कमी होत जाते. डबीला बऱ्याचदा असलं काही संरक्षण नसतं. त्यामुळे व्यायामानंतर घामेजलेला बड तसाच डबीत टाकणं सगळ्यात वाईट: पाणी, मीठ आणि वीज एकाच खळग्यात. भिजलेला बड पुसा, टिप काढा, जाळी खाली करून मोकळ्या हवेत दिवसभर ठेवा आणि तोवर चार्जिंगला लावू नका. तांदळात पुरू नका, त्याची पूड जाळीत जाते. हेअर ड्रायरची गरम हवा बॅटरी आणि गोंद दोघांनाही मानवत नाही.

थांबायचं कुठे

ठिपके स्वच्छ, जाळी स्वच्छ, नवं पेअरिंग झालं, दुसऱ्या फोनवरही तीच बाजू गप्प: इथपर्यंत आलात तर घरच्या उपायांची हद्द संपली. शिल्लक शक्यता दोन. स्पीकर गेलाय, म्हणजे बड जोडला जातो, चार्ज दाखवतो पण वाजत नाही किंवा खरखरतो. नाहीतर बॅटरी म्हातारी झालीय, म्हणजे डबीतून काढल्यावर शंभर टक्के दाखवतो आणि थोड्या वेळात बंद पडतो. बडच्या चिमुकल्या बॅटरीत साधारण 30 ते 60 मिलीअँपिअरतास (एमएएच) एवढीच वीज मावते आणि काही शे वेळा भरून रिकामी झाली की तिची ताकद उतरायला लागते. दोन-तीन वर्षं रोज वापरलेल्या बडबाबत यात नवल नाही.

बड उघडू नका. बहुतेक बड गोंदाने बंद केलेले असतात, उघडताना हत्यार लिथियम बॅटरीला लागलं तर ती पेट घेऊ शकते. बड फुगलेला दिसला, शिवण उकलली किंवा चार्ज होताना हाताला चटका बसण्याइतका तापला, तर त्याच क्षणी वापर थांबवा आणि तो डबीत परत ठेवू नका. तो घरच्या कचऱ्यात टाकायचा नाही, बॅटऱ्या आणि ई-कचरा गोळा करतात तिथे द्यायचा.

वॉरंटी असेल तर तक्रारीआधी एक छोटा व्हिडिओ काढा: दोन्ही बडांची टक्केवारी, डाव्या-उजव्याची टेस्ट, आणि रिसेटनंतरही तीच बाजू गप्प. डबीवरचा किंवा ॲपमधला सिरियल नंबर टिपून ठेवा. 'रिसेट करून बघितलं का?' हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, व्हिडिओने तो टळतो. बहुतेक ठिकाणी दोन्ही बड डबीसकट मागवतात.

वॉरंटी नसेल तरी पूर्ण जोडी टाकायची घाई नको. ॲपल, सॅमसंग अशा काही कंपन्या एकटा बडही बदलून देतात. मात्र मॉडेल नेमकं तेच हवं, पिढीही तीच, कारण दिसायला सारखे दोन बड आतून वेगळे असले तर त्यांचं जमत नाही. नवा बड आणला की लगेच वाजवायला जाऊ नका. दोन्ही बड डबीत ठेवून पूर्ण चार्ज करा, डबी चार्जरला लावलेली ठेवूनच फोन जवळ राहू द्या म्हणजे दोघांचं फर्मवेअर एका पातळीवर यायला वेळ मिळेल, आणि मग वरच्या सहा पायऱ्या पहिलीपासून करा.